माराकेशमधील रियाद : अंतर्मुख घराचे अतिथिगृहात रूपांतर

मोरोक्कोतील माराकेश शहराच्या तटाच्या आतील जुन्या वस्तीस मदीना म्हणतात. ह्या मदीनेतील एखाद्या उंची अतिथिगृहात उतरावयास निघालेल्या प्रवाशाची मोटार वेशीजवळच थांबते. पुढील गल्ल्या मोटारीस अपुऱ्या असल्यामुळे सामान हातगाडीवर चढते आणि प्रवाशास गाडीवाल्यामागून पायी चालावे लागते. गल्लीतून बोळ आणि बोळातून आणखी अरुंद बोळ असे करीत तो अखेर एका बंद टोकाशी येऊन थांबतो. दोन्ही बाजूंस गेरूच्या रंगाच्या उंच भिंती असतात व त्यांना खिडक्या जवळजवळ नसतात. ह्यांतील कोणते घर सावकाराचे आणि कोणते मोलमजुराचे हे बाहेरून ओळखणे कठीण. दार उघडते, एक-दोन वळणांचा काळोखा मार्ग लागतो, आणि त्यानंतर एकाएकी संत्र्याची झाडे, मधोमध वाहते पाणी, चहूबाजूंस रंगीत फरशांचे खांब व वर आकाशाचा एक निळा चौकोन दृष्टीस पडतो. बाहेरचा कोलाहल येथे ऐकू येत नाही. ह्या एका क्षणाकरिताच प्रवासी पैसे मोजतो असे म्हटले तरी ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

परंतु ज्या रचनेमुळे हा क्षण साधतो, ती रचना मुळात परक्या माणसाला हा चौक दिसू नये ह्या हेतूने केलेली होती. वळणाचा मार्ग, खिडक्या नसलेली भिंत आणि बंद टोकाचा बोळ ह्या तिन्हींचा उद्देश एकच होता. आज त्याच आडोशाचे मोल करून तो परक्यास भाड्याने दिला जातो. ह्या उलटापालटीत घराचे काय होते आणि घर ज्या आळीत उभे आहे त्या आळीचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘रियाद’ हा अरबी शब्द ‘रौदा’ म्हणजे बाग ह्या शब्दाचे अनेकवचन होय. मोरोक्कोमध्ये तो घराच्या पोटात असलेल्या बागेस लावतात. ही बाग काटकोनात छेदणाऱ्या दोन पायवाटांनी चार वाफ्यांत विभागलेली असते व छेदबिंदूवर कुंड किंवा कारंजे असते. वाफे पायवाटांहून खोल असतात. त्यामुळे झाडांचे शेंडे चालणाऱ्याच्या हाताशी येतात आणि पाणीही वाफ्यात ठरते. ज्या घराचा चौक नुसता फरसबंद असून त्यात बाग नाही, त्यास ‘दार’ म्हणजे केवळ घर असे म्हणतात. पर्यटनाच्या व्यवहारात हा भेद आता पुसला गेला असून चौक असलेले कोणतेही अतिथिगृह स्वतःस रियाद म्हणवून घेते. आठ-दहा हातांच्या चौकात दोन कुंड्या ठेवून ‘रियाद’ ही पाटी लावणाऱ्यांची संख्या थोडी नाही.

माराकेशची स्थापना इ. स. १०७० च्या सुमारास अल्मोराविद राजवटीत झाली. त्याच घराण्यातील अली इब्न यूसुफ (राज्यकाल ११०६-११४३) ह्याच्या प्रासादाचे अवशेष कुतुबिया मशिदीच्या परिसरातील उत्खननात सापडले. त्यात चार वाफ्यांची अशी बाग आढळली असून ती ह्या प्रदेशातील सर्वांत जुन्या ज्ञात उदाहरणांपैकी एक समजली जाते. पुढे हाच आराखडा राजवाड्याच्या प्रमाणावर वाढविण्यात आला. सादी घराण्यातील अहमद अल-मन्सूर ह्याने १५७८ नंतर बांधविलेल्या बदी प्रासादाचा चौक सुमारे १३५ मीटर लांब व ११० मीटर रुंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बाहिया प्रासादातही तोच आराखडा निरनिराळ्या आकारांत पुन्हा पुन्हा येतो. सामान्य व्यापाऱ्याच्या घरातील रियाद ही ह्या राजबागेचीच घराच्या मापाला बसविलेली आवृत्ती होय.

ह्या घराची रचना महाराष्ट्रातील वाचकास सर्वस्वी अपरिचित वाटणार नाही. भोवती खोल्या, मध्ये चौक, चौकाच्या कडेने ओसरीसारखा छायेचा पट्टा, मोठ्या दारात बसविलेली लहान दिंडी. ही सारी अंगे पुण्याच्या वाड्यातही आहेत. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. मोठ्या वाड्यात चौक एकाहून अधिक असत आणि त्यांत पायरी असे. बाहेरच्या चौकापर्यंत कोणीही यावे, सोप्यावर ओळखीच्याने बसावे, आतला चौक मात्र घरच्यांचा. माराकेशच्या मध्यम घरात चौक एकच आणि तो सर्वस्वी कुटुंबाचा. मग पाहुण्याचे काय करावयाचे? ह्या प्रश्नाचे उत्तर तेथील सुतार-गवंड्यांनी ‘मस्रिया’ ह्या खोलीच्या रूपाने दिले होते. दारातून आत येताच, वळणाच्या मार्गातूनच एक स्वतंत्र जिना वर जाई व तो ह्या खोलीत पोहोचे. परका पुरुष पाहुणा तेथे चढे, तेथेच बसे, तेथेच जेवे, आवश्यक तर तेथेच निजे आणि त्याच जिन्याने परत जाई. घराची सर्वांत नक्षीदार खोली अनेकदा हीच असे. पाहुण्याचा मान पूर्ण राखला जाई, आणि तरीही त्याच्या डोळ्यांस चौक पडत नसे.

जो पाहुणा नव्हे, केवळ वाटसरू, तो घरात उतरतच नसे. त्याच्याकरिता ‘फुंदुक’ असे. अल-हसन अल-वज्जान, ज्यास युरोपात लिओ आफ्रिकानुस म्हणून ओळखतात, त्याने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात फेज शहराचे जे वर्णन लिहिले त्यात अशा सुमारे दोनशे पांथशाळांचा उल्लेख आहे. त्या तीन मजली असत, मोठ्या पांथशाळेत शंभराहून अधिक खोल्या असत व पाण्याची व्यवस्थाही चांगली असे. पण खाट मिळत नसे. चटई व पांघरूण यजमान देई, शिधा ज्याचा त्याने आणावा. फेज येथील नज्जारीन फुंदुक हे ह्या प्रकारच्या इमारतीचे उत्तम उदाहरण असून १९९८ पासून तेथे काष्ठकलेचे संग्रहालय आहे. आधुनिक अरबीत ‘हॉटेल’ ह्या अर्थी फुंदुक हाच शब्द चालतो. तेव्हा परंपरेच्या दृष्टीने पाहिल्यास माराकेशमधील ‘पारंपरिक हॉटेल’ फुंदुकाच्या इमारतीत असावयास हवे होते. ते घराच्या चौकात गेले, ह्यातच ह्या प्रकाराचे नावीन्य आहे. जी ‘परंपरा’ म्हणून विकली जाते ती परंपरेचा भंग करूनच शक्य झालेली आहे.

असे असले तरी ह्या घरात राहणे खरोखरच सुखाचे असते, आणि त्याची कारणे केवळ सौंदर्याची नाहीत. माराकेशला जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान सरासरीने ३७-३८ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि पहाटे ते २० अंशांच्या आसपास उतरते. दिवस व रात्र ह्यांतील हा मोठा फरक हेच चौकाच्या घराचे भांडवल होय. रात्री उघडी गच्ची आकाशाकडे उष्णता टाकून निवते. थंड झालेली जड हवा चौकात उतरते व तळमजल्याच्या खोल्यांत साठते. जाड भिंती सकाळची उष्णता आत पोहोचू देण्यास बराच वेळ घेतात. झाडांची पाने व कारंज्याचे पाणी कोरड्या हवेतील उष्णता बाष्पीभवनाने शोषून घेतात. शहराचा अक्षांश सुमारे साडेएकतीस अंश उत्तर आहे. भिंती ८ मीटर उंच व चौक १० मीटर रुंद धरल्यास २१ जूनच्या मध्यान्ही दक्षिणेकडील भिंतीची सावली जेमतेम एक मीटर पडते. म्हणजे चौकात ऊन भरते, परंतु सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे ओसरीमागील खोलीत ते शिरत नाही. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही हीच सावली सुमारे ११ मीटर होते, म्हणजे चौकाच्या जमिनीस दिवसभर ऊन लागत नाही. ते लागते वरच्या मजल्यास, आणि त्यातही उत्तरेकडील बाजूस. म्हणून जुने कुटुंब उन्हाळ्यात खाली व हिवाळ्यात वर राही. दुपारी एका बाजूस तर संध्याकाळी गच्चीवर जाई. खोल्यांना निजण्याची, बसण्याची, जेवणाची अशी ठराविक नावे नसत. भिंतीलगत लांब बैठका असत आणि वेळेनुसार त्यांचा उपयोग बदले.

अतिथिगृहात हे चालत नाही. प्रवाशाने जी खोली घेतली ती रात्रंदिवस आणि बारमास त्याचीच. तळमजल्यावरची थंडगार खोली जानेवारीत ओल्या तळघरासारखी वाटू लागते व वरच्या खोलीत ऑगस्टची रात्र काढणे अवघड होते. ज्या घराची सारी युक्ती माणसांच्या हालचालीवर बसविलेली होती, त्यातील माणूस जागचा हलेनासा झाल्यावर घराचे काम यंत्रास करावे लागते. थंड-गरम हवेची यंत्रे गच्चीवर येतात, आणि काही ठिकाणी हिवाळ्यातील थंडी व पाऊस अडविण्यासाठी चौकावर काचेचे आच्छादन घालतात. आच्छादन उन्हाळ्यात मिटेनासे राहिले तर रात्रीची थंड हवा आत उतरण्याचा मार्गच बंद होतो. पुस्तकात ‘नैसर्गिक शीतकरणाचा आदर्श’ म्हणून दाखविले जाणारे घर प्रत्यक्षात विजेवर चालत असल्याचा हा विरोधाभास अशा अतिथिगृहांतून वरचेवर भेटतो.

मुळात ही घरे परक्यांच्या हाती गेली कशी? १९१२ मध्ये फेजच्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला. पहिला फ्रेंच रेसिडेंट जनरल ल्योते आणि त्याचा नगररचनाकार आंरी प्रोस्त ह्यांनी जुनी शहरे न पाडता त्यांच्या शेजारी रुंद रस्त्यांची नवी शहरे वसविण्याचे धोरण ठेवले. माराकेशजवळील गेलीझ ही अशीच वस्ती. ह्या धोरणामुळे मदीना पाडापाडीपासून वाचली. परंतु दवाखाने, बँका, कचेऱ्या आणि मोटारीचा रस्ता हे सर्व तटाबाहेर गेले. १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर सधन कुटुंबेही त्यांच्यामागोमाग बाहेर पडली. काही नव्या शहरातील बंगल्यांत, काही कासाब्लांका व राबात येथे. मागे राहिलेल्या घरांत खेड्यांतून आलेल्या कुटुंबांना एकेक खोली भाड्याने देण्यात आली. एका कुटुंबाचा चौक पाच-सहा चुलींचा झाला.

ह्या जोडीस वारसाहक्काचा प्रश्न होता. मुस्लिम वारसा-कायद्यानुसार मुलास मुलीच्या दुप्पट वाटा मिळतो. तीन मुलगे व दोन मुली असलेल्या गृहस्थाच्या घराचे, पत्नी हयात नाही असे धरल्यास, आठ हिस्से होतात. मुलीच्या आठव्या हिश्श्याचे पुढील पिढीत त्याच प्रमाणात वाटप झाल्यास नातीच्या वाट्यास घराचा चौसष्टावा भाग येतो. घर काही भिंती घालून चौसष्ट तुकड्यांत विभागता येत नाही. डागडुजीचा खर्च कोणी करावयाचा ह्यावर एकमत होत नाही आणि पावसाळ्यात गच्ची गळत राहते. मालकीची नोंदही पुष्कळदा १९१३ च्या भूनोंदणी कायद्याखालील नसून परंपरागत लेखकांनी लिहिलेल्या दस्तांवर अवलंबून असे. तेव्हा विक्री करावयाची म्हणजे कासाब्लांकापासून फ्रान्सपर्यंत विखुरलेल्या सर्व वारसांच्या सह्या गोळा करणे आले. पुण्या-नाशिकच्या वाड्यांची हकीकत ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्यात नवल वाटणार नाही. मात्र तेथे मोडकळीस आलेल्या वाड्याच्या जागी सदनिकांची इमारत उभी राहते. माराकेशमध्ये १९८५ साली मदीनेचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, बोळ अरुंदच राहिले आणि पुढे गिऱ्हाईकही निराळे आले.

हे गिऱ्हाईक विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात युरोपातून, विशेषतः फ्रान्समधून आले. पॅरिसमधील लहानशा सदनिकेच्या किमतीत माराकेशला महाल मिळतो, अशा आशयाचा कार्यक्रम १९९९ मध्ये एका फ्रेंच दूरचित्रवाणी-वाहिनीने दाखविला आणि खरेदीस उधाण आले. अनेकांनी घर प्रथम स्वतःच्या सुटीसाठी घेतले. मग वर्षातील उरलेले महिने खर्च भागविण्यासाठी खोल्या भाड्याने देण्यास आरंभ केला. २००१ मध्ये मोरोक्कोच्या शासनाने २०१० पर्यंत वर्षाला एक कोटी पर्यटक आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले व २००२ मध्ये पर्यटन-निवासांविषयीच्या नव्या कायद्याने ‘अतिथिगृह’ हा प्रकार अधिकृतपणे मान्य केला. कायदा मागून आला आणि व्यवहार त्याच्या कितीतरी पुढे निघून गेला होता, असेच येथे म्हणावे लागते.

ह्या खरेदीचे श्रेय नाकारणे न्यायाचे होणार नाही. कोसळण्याच्या बेतात असलेली घरे ह्या पैशाने उभी राहिली. त्याहून महत्त्वाची गोष्ट कारागिरीची. झेलीज म्हणजे भाजलेल्या रंगीत फरशीचे हातोडीने छिनून काढलेले लहान तुकडे. ते पालथे मांडून, वर गिलावा ओतून त्यांचा गालिचा तयार करावयाचा असतो. नमुना पूर्ण होईपर्यंत कारागिरास त्याची रंगीत बाजू दिसत नाही, तो तो मनातच बाळगतो. तादेलाक्त हा माराकेशचा खास चुन्याचा गिलावा. तेथील चुना लावून, तो ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घोटतात व ऑलिव्हच्या तेलाच्या काळ्या साबणाने त्यावर हात फिरवितात. चुना व साबण ह्यांच्या संयोगाने पाणी न शिरणारा थर बनतो. हा गिलावा मूळचा हमामखान्याचा. अतिथिगृहांनी तो न्हाणीघरापासून शयनगृहापर्यंत सर्वत्र नेला. गच-कोरीवकाम आणि देवदाराची रंगीत छते ह्यांसही अशीच नवी मागणी आली. ज्या धंद्यांत मुलांना घालावयास बाप कचरू लागले होते, त्यांत पुन्हा उमेदवार दिसू लागले. अर्थात ह्याची दुसरी बाजूही आहे. ज्या साध्या घरात पूर्वी पांढऱ्या चुन्याखेरीज काही नव्हते, त्याच्याही प्रत्येक भिंतीवर आता नक्षी चढते, कारण प्रवासी नक्षी पाहावयास आलेला असतो. साध्या घराचे साधेपण टिकविण्यास कोणी पैसे देत नाही.

खरी अडचण भिंतींच्या पोटात आहे. जुन्या घरात शौचकूप एक किंवा दोन आणि स्नानासाठी घराबाहेरचा हमाम. अतिथिगृहात प्रत्येक खोलीस स्वतंत्र स्नानगृह हवे. माराकेशच्या भिंती बहुधा चोपलेल्या मातीच्या किंवा मातीत बसविलेल्या विटांच्या असतात. कोरडी राहिली तर अशी भिंत शतकानुशतके टिकते, पण ओल धरली की तिचा जोर जातो. अशा भिंतीत नळ पुरणे, वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी आणि टब ठेवणे व वर सिमेंटचा गिलावा देऊन ओल आतच कोंडणे, हे तिन्ही प्रकार घातक होत. जाणते वास्तुतज्ज्ञ चुन्याचाच गिलावा वापरतात व नळ उघड्यावरून किंवा स्वतंत्र पोकळीतून नेतात. पण हे काम खर्चाचे आणि नजरेस न दिसणारे असल्यामुळे प्रत्येक मालक ते करील अशी खात्री देता येत नाही. पाण्याविषयीही हेच. अल-इद्रिसीने बाराव्या शतकात लिहून ठेवल्याप्रमाणे उबैदुल्ला इब्न यूनुस नावाच्या एका तज्ज्ञाने येथे जमिनीखालील उतरत्या बोगद्यांनी भूजल बागांपर्यंत आणण्याची पद्धत सुरू केली. हे ‘खेत्तारा’ शतके चालले आणि विसाव्या शतकात खोल उपशामुळे पाण्याची पातळी खाली गेल्यावर कोरडे पडले. त्या काळच्या चौकातील पाणी वाहते व बागेत मुरणारे होते. आता कारंज्याच्या जागी पोहण्याचा लहान हौद येतो आणि बागेचे खोल वाफे फरशीखाली जातात. म्हणजे नावाने रियाद राहून वस्तुतः त्याचा ‘दार’ होतो.

चौकाचे घर आणि हॉटेल ह्यांत आणखी एक विसंगती आहे. खोल्यांच्या दारे-खिडक्या सर्व चौकाकडे उघडतात, कारण प्रकाश व वारा तेवढ्याच बाजूने येतो. तुळयांच्या लांबीने मर्यादा घातल्यामुळे खोल्या लांबट व अरुंद असतात आणि चौक आवाजाचे भांडे बनतो. भावाभावांच्या कुटुंबांत हे सोयीचे होते. वरच्या सज्ज्यातून मारलेली हाक सर्वांना ऐकू यावी हाच हेतू. एकमेकांस न ओळखणाऱ्या सहा जोडप्यांस मात्र परस्परांचे खोकणे ऐकावे लागते व दार उघडे ठेवले की बिछाना चौकातून दिसतो. म्हणून प्रवासी पडदे ओढतात, दार लावतात आणि दिवा पेटवून बसतात. चौक पाहावयास आलेला माणूस चौकापासून स्वतःस लपवितो. जुन्या कुटुंबाने जो पडदा घर आणि बोळ ह्यांमध्ये धरला होता तो आता खोली आणि चौक ह्यांमध्ये आला आहे.

बाहेरच्या बोळात काय घडते हे प्रवाशास सहसा दिसत नाही. आळी किंवा ‘हौमा’ हे मदीनेचे खरे एकक असून तिचे अस्तित्व काही सामाईक गोष्टींवर उभे असे : मशीद, पाण्याचा नळ, मुलांची कुराणशाळा, हमाम आणि ‘फर्रान’ म्हणजे सार्वजनिक भट्टी. घरोघरच्या बाया सकाळी कणीक मळून भाकरी थापतात व फळीवर मांडून मुलाच्या हाती भट्टीवर पाठवितात. भट्टीवाला कोणाची फळी कोणती हे ओळखून भाजतो व परत देतो. हमामाच्या भट्टीचीही अशीच एक उपयुक्तता आहे. तेथील राखेत मातीच्या उभट भांड्यात मांस रात्रभर शिजत ठेवतात. ‘तांजिया’ नावाचा हा पदार्थ माराकेशची खूण समजला जातो. ह्या भट्ट्यांचे गणित थोड्या थोड्या पैशांच्या पुष्कळ गिऱ्हाइकांवर चालते. बोळातील दहा घरांपैकी चार घरांची अतिथिगृहे झाली म्हणजे चार फळ्या कमी होतात, चार कुटुंबे हमामास येईनाशी होतात, कारण अतिथिगृहाचा हमाम आतच असतो. कुराणशाळेतील मुले घटतात. भट्टी बंद झाली की उरलेल्या सहा घरांपैकी एखाद्या कुटुंबास तटाबाहेर जाणे सोयीचे वाटू लागते, आणि त्याच सुमारास त्याच्या घरास पूर्वी कधी न मिळालेली किंमत मिळू लागते. कोणी कोणास हुसकावीत नाही; आणि तरीही बोळ रिकामा होतो. उलटपक्षी, ह्याच बोळांतील अनेक जण अतिथिगृहांत स्वयंपाकी, माळी, रखवालदार म्हणून काम करतात, हेही ध्यानात घ्यावयास हवे. आळीस ह्या व्यवसायाचा द्वेष करणे परवडत नाही.

तंटा विशेषतः गच्चीवरून होतो. मोरोक्कोत चालणाऱ्या मालिकी न्यायपरंपरेत शेजाऱ्याच्या चौकात दृष्टी पडणे ही प्रत्यक्ष इजा मानली जाते. ट्युनिस येथील चौदाव्या शतकातील गवंडी इब्न अल-रामी ह्याने बांधकामाच्या तंट्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात खिडक्या, दारे व गच्च्या ह्यांविषयीचे असे निवाडे विस्ताराने दिले आहेत : समोरच्याच्या दारासमोर दार काढू नये, दुसऱ्याचे अंगण दिसेल अशी खिडकी ठेवू नये. गच्ची ही प्रथेने स्त्रियांची. कपडे वाळविणे, धान्य निवडणे व शेजारणीशी बोलणे हे सारे तेथे चाले व पुरुषांनी त्या वेळी वर जाऊ नये असा संकेत असे. अतिथिगृहाचा दिवस नेमका गच्चीवर सुरू होतो आणि तेथेच मावळतो. सकाळची न्याहारी, दुपारचे ऊन खाणे, संध्याकाळी कुतुबियाच्या मनोऱ्यामागे मावळणारा सूर्य व हिवाळ्यात ॲटलासच्या बर्फाच्छादित शिखरांची रांग, ही सारी त्या वास्तव्यातील अतिशय रम्य अंगे होत. पण ती पाहणाऱ्या नजरेच्या वाटेत शेजारचे चौक येतात, आणि तेथील स्त्रियांना आपल्याच गच्चीवर येणे नकोसे होते. ज्या अतिथिगृहांनी गच्चीच्या कडेस पुरुषभर उंचीची भिंत किंवा वेलींचे कूड घातले आहे, त्यांनी दृश्याचा थोडा भाग गमावून शेजार राखला आहे. मालक आळीतच राहणारा असला की असे कूड लवकर उभे राहते.

ह्या साऱ्या विसंगती एका ठिकाणी मुळापासून टाळण्यात आल्या आहेत. राजे सहावे मोहम्मद ह्यांच्या आदेशाने बांधलेले व २०१० मध्ये उघडलेले रॉयल मन्सूर हे हॉटेल म्हणजे तटालगत नव्याने वसविलेली एक लहानशी मदीनाच आहे. त्यात खोल्या नाहीत. ५३ स्वतंत्र रियाद आहेत, प्रत्येकास आपला चौक, आपली गच्ची आणि आपला बोळ आहे. नळ, तारा आणि यंत्रे नव्या भिंतींत मुळातच बसविलेली असल्यामुळे ओलीचा प्रश्न येत नाही, आणि शेजारी कुटुंबच नसल्यामुळे गच्चीचा तंटाही येत नाही. कारागिरी अत्युत्कृष्ट आहे, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. सेवकवर्ग जमिनीखालील बोगद्यांतून ये-जा करतो व आतल्या जिन्याने प्रत्येक रियादात प्रवेश करतो. वरच्या बोळांत तो पाहुण्यांच्या दृष्टीस पडत नाही. जुन्या घरात वेगळा जिना पाहुण्यासाठी होता, येथे तो घर चालविणाऱ्यांसाठी आहे.

जुन्या घरांची परीक्षा ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री झाली. हाय ॲटलासमध्ये केंद्र असलेल्या ६.८ तीव्रतेच्या भूकंपाने डोंगरातील खेड्यांत सर्वाधिक प्राणहानी केली व देशात एकूण २,९०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. माराकेशच्या मदीनेत, विशेषतः जुन्या ज्यू वस्तीत म्हणजे मेल्लाहमध्ये, घरे पडली व तटालाही तडे गेले. अनेक प्रवाशांनी आणि रहिवाशांनी ती रात्र उघड्या चौकांत व मैदानांत काढली. मदीनेतील घरे एकेकटी उभी नसतात. दोन घरांमधील भिंत बहुधा सामाईक असते, तुळयांची टोके त्याच भिंतीत दोन्ही बाजूंनी रुतलेली असतात आणि काही ठिकाणी एका घराची खोली दुसऱ्याच्या दालनावर आलेली असते. अतिथिगृहाने आपल्या बाजूने गिलावा, नक्षी आणि पोलादी आधार दिला, तरी पलीकडच्या बाजूस तीच भिंत एखाद्या अवाटलेल्या वारसाहक्काच्या, गळक्या गच्चीच्या घराची असते. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत हा प्रश्न प्रत्येक बोळात उभा राहिला. तुळई कोणाची, भिंत कोणाची आणि तिचा खर्च कोणी द्यावयाचा, हे ठरविण्यासाठी अतिथिगृहाच्या मालकास अखेर शेजारच्या घराचे दार ठोठावून त्याच्या चौकात पाऊल टाकावे लागते.